कर्नेलमधील कालमापन : घड्याळ पाहण्यालाही वेळ लागतो

सन २००८ च्या सप्टेंबर महिन्यात लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमची २.६.२७ ही आवृत्ती चाचणीच्या अवस्थेत असताना परीक्षकांकडून एक चमत्कारिक तक्रार येऊ लागली. चाचणी आवृत्ती संगणकावर चढविल्यानंतर इंटेल कंपनीचे नेटवर्क कार्ड निकामी होत होते. संगणक पुन्हा सुरू करूनही उपयोग होत नव्हता, जुनी आवृत्ती परत बसवूनही नाही. कार्डावरील ज्या छोट्या स्थायी स्मृतीत त्याची मूलभूत माहिती नोंदलेली असते, तीच बिघडलेली असे. सॉफ्टवेअरमधील चुकीने यंत्रच बाद व्हावे, असे सहसा घडत नाही. संशय साहजिकच त्या कार्डाच्या 'ई-१०००-ई' या ड्रायव्हरवर गेला. काहींनी पडद्यावरील चित्राची व्यवस्था पाहणाऱ्या एक्स सर्व्हरकडे बोट दाखविले. प्रत्यक्षात दोषी निघाली ती वेगळीच गोष्ट. कर्नेलमध्ये कोणते काम केव्हा चालू झाले व त्याला किती वेळ लागला, याची नोंद ठेवण्यासाठी नव्यानेच समाविष्ट झालेली 'एफट्रेस' ही सोय या बिघाडाच्या मुळाशी होती.

वेळ मोजणाऱ्या साधनाने यंत्राची स्मृती कशी बिघडविली, हे समजण्यासाठी कर्नेलमध्ये वेळ मोजतात कसा, हे आधी पाहावे लागेल.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. (लष्करातील कर्नलशी त्याचा काही संबंध नाही.) कोणत्या प्रोग्रॅमला प्रोसेसर किती वेळ द्यायचा, कोणाला किती स्मृती द्यायची, डिस्कवरील फाइल कशी शोधायची, कळफलकावर दाबलेली कळ कोणाच्या हवाली करायची, ही सारी कामे कर्नेल करतो. प्रोग्रॅमला यांपैकी काही हवे असेल, तर त्याला कर्नेलकडे रीतसर मागणी करावी लागते. तिला 'सिस्टिम कॉल' म्हणतात. अगदी साधा सिस्टिम कॉल आजच्या संगणकावर काहीशे नॅनोसेकंदांत, कधी त्याहूनही लवकर, पुरा होतो. उलट फिरत्या हार्डडिस्कवरून एखादी माहिती शोधून आणायची, तर पाच ते दहा मिलिसेकंद सहज जातात. दोहोंत एक लाख पटींच्या घरातले अंतर आहे. साध्या कॉलला एक सेकंद लागतो असे मानले, तर डिस्ककडून उत्तर येण्यास दिवस उलटून जाईल. अशा दोन्ही टोकांच्या कामांना पुरेल असे घड्याळ कर्नेलमध्ये लागते.

नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. अमेरिकी नौदलातील संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर आपल्या व्याख्यानांत सुमारे ३० सेंटिमीटर लांबीचा तारेचा तुकडा श्रोत्यांना दाखवीत आणि विद्युत संदेश एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढेच अंतर कापू शकतो, असे सांगत. हा तुकडा डोळ्यांपुढे ठेवला की पुढील आकड्यांचा अर्थ लागणे सोपे जाते.

जिफीचा काळ

कर्नेलचे सर्वांत जुने घड्याळ म्हणजे टोले मोजणे. संगणकातील एक स्वतंत्र चिप ठरावीक अंतराने प्रोसेसरला 'इंटरप्ट' म्हणजे व्यत्ययाचा संकेत देते आणि प्रत्येक संकेतासरशी कर्नेल एका आकड्यात एकाची भर घालतो. पीसीमधील या चिपची मूळ गती सेकंदाला सुमारे ११,९३,१८२ स्पंदने इतकी आहे. हा विचित्र आकडा १९८१ च्या आयबीएम पीसीपासून चालत आलेला असून त्याचे मूळ अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीच्या वारंवारतेत आहे. त्या वेळी सोयीचा स्फटिक मिळाला आणि पुढच्या पिढ्यांनी तो आकडा निमूटपणे वाहिला.

लिनक्समध्ये या टोल्यांच्या गणनेला 'जिफी' असे नाव आहे. इंटेल प्रोसेसरांवर २.४ आवृत्तीपर्यंत सेकंदाला १०० टोले पडत. २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ आवृत्तीने ते १००० केले. त्यामुळे वीज अधिक खर्च होते आणि दर टोल्याला काही काम करावे लागते, अशा तक्रारी आल्या. २००५ मध्ये २.६.१३ या आवृत्तीपासून हा आकडा निवडण्याची मुभा मिळाली आणि २५० हा मधला पर्याय रूढ झाला.

मोजमापाच्या दृष्टीने जिफी फारच जाडीभरडी. सेकंदाला १०० टोले पडत असतील, तर दोन टोल्यांत १० मिलिसेकंदांचे अंतर असते. ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची तेवढ्या अवधीत तीन कोटी चक्रे होतात. सिस्टिम कॉलचा वेळ जिफीने मोजणे म्हणजे मुंबई-पुणे प्रवासाला लागलेला वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवरून सांगणे. उत्तर बहुतेक वेळा शून्य येते. मधेच मध्यरात्र उलटली, तर एक दिवस येते.

जिफीने आणखी एक गमतीची अडचण निर्माण केली. ३२ बिटांच्या संगणकावर हा आकडा सुमारे ४२९ कोटींपर्यंतच मोजता येतो. पुढे तो पुन्हा शून्यावर येतो. सेकंदाला १०० टोले असता ही वेळ ४९७ दिवसांनी येते, तर १००० टोले असता ४९.७ दिवसांनीच. मिलिसेकंद मोजणाऱ्या विंडोज ९५ आणि ९८ या प्रणाली ४९.७ दिवस अखंड चालल्यानंतर बंद पडू शकत, त्याचे कारण हेच. लिनक्सच्या विकासकांनी यावर नामी तोड काढली. संगणक सुरू होताना हा आकडा शून्यापासून सुरू न करता पूर्ण फेरीला पाच मिनिटे कमी असताना सुरू करायचा, असे ठरले. म्हणजे ज्याच्या कोडमध्ये या फेरीची चूक असेल त्याला ती दीड वर्षाने कळण्याऐवजी पाच मिनिटांत कळते. परीक्षेची तारीख आधी ओढून घेण्याची ही रीत इतर क्षेत्रांनीही उचलण्यासारखी आहे.

चक्रे मोजणारा आकडा

सूक्ष्म मोजमापाची खरी सोय १९९३ मध्ये इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरबरोबर आली. त्यात 'टाइम स्टँप काउंटर', म्हणजेच टीएससी, हा ६४ बिटांचा आकडा असून प्रोसेसरच्या दर चक्राला तो एकाने वाढे. 'आरडीटीएससी' ही एक सूचना दिली की तो वाचता येतो आणि वाचण्यास काही मोजकी चक्रेच लागतात. ३ गिगाहर्ट्झच्या गतीने हा आकडा भरून शून्यावर यायला सुमारे १९५ वर्षे लागतील. तेव्हा जिफीसारखी फेरीची चिंता नाही. कामाआधी एकदा वाचा, कामानंतर पुन्हा वाचा, वजाबाकी करा. याहून सोपे काय असणार, असे त्या काळी अनेकांना वाटले.

दोन वर्षांतच पहिला धक्का बसला. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून इंटेलचे प्रोसेसर सूचना लिहिलेल्या क्रमानेच अमलात आणतील याची खात्री राहिली नाही. पुढची सूचना तयार असेल, तर मागचीसाठी न थांबता ती आधी पार पाडली जाऊ लागली. कार्यक्षमतेला हे उत्तम. परंतु घड्याळ वाचण्याची सूचनाही मोजायच्या कामाच्या मध्येच किंवा आधीच उरकली जाऊ लागली. धावपटू दोरीजवळ पोहोचण्यापूर्वीच पंचाने घड्याळ बंद करावे, तसा हा प्रकार.

दुसरा धक्का वीज वाचविण्याच्या तंत्राचा. प्रोसेसर काम नसताना आपली गती कमी करू लागले, आणि चक्रे मोजणारा आकडाही त्यांच्याबरोबर मंदावला. चक्रे तेवढीच, सेकंद मात्र निराळे, अशी स्थिती झाली. तिसरा धक्का एकाच चिपवर दोन प्रोसेसर आल्यानंतरचा. एएमडीच्या २००५ मधील दोन गाभ्यांच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरांत दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांपासून सरकत. काम सुरू होताना प्रोग्रॅम एका गाभ्यावर असला आणि संपताना दुसऱ्यावर, तर वजाबाकीचे उत्तर ऋण येण्याचीही शक्यता असे. काम सुरू होण्यापूर्वीच संपल्याचा निर्वाळा देणारे असे घड्याळ कोणाच्या उपयोगाचे?

प्रोसेसर उत्पादकांनी हळूहळू हे दोष काढले. प्रोसेसरची गती बदलली तरी ठरावीक वेगानेच वाढणारा टीएससी आला. २००८ च्या नेहालेम पिढीपासून इंटेलच्या प्रोसेसरात तो गाढ विश्रांतीच्या अवस्थेतही चालू राहू लागला. आजच्या बहुतेक संगणकांवर लिनक्स याच घड्याळावर भिस्त ठेवतो. आता तो प्रत्यक्ष चक्रे मोजत नसून काळच मोजतो, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. खरी चक्रे हवी असतील, तर प्रोसेसरमधील वेगळे मापक वाचावे लागते.

टीएससीवर अंधविश्वास नको म्हणून कर्नेल दुसऱ्या घड्याळाशी त्याची अधूनमधून पडताळणी करतो. फरक आढळला, तर टीएससी 'अस्थिर' असल्याची नोंद करून तो बहुधा एचपीईटी या प्रोसेसरच्या गाभ्याबाहेरील घड्याळाकडे वळतो. हे घड्याळ भरवशाचे, पण वाचायला महाग. दर वाचनाला मायक्रोसेकंदाच्या आसपास वेळ जाऊ शकतो. सेकंदाला लाखो वेळा वेळ विचारणाऱ्या सर्व्हरवर असा बदल रात्रीतून झाला, तर कोणतेही काम न वाढता सर्व्हर सुस्त पडतो आणि कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

भिंतीवरचे घड्याळ नको

कर्नेलमध्ये काळाची दोन निरनिराळी गणिते चालतात. एक, दिनांक-वेळ दाखविणारे, जे कोणी मागेपुढे करू शकते. दुसरे, संगणक सुरू झाल्यापासून सतत पुढेच जाणारे. काम किती वेळ चालले हे मोजायचे, तर दुसरेच वापरायचे. २००६ मध्ये २.६.१६ आवृत्तीत थॉमस ग्लाइक्सनर व इंगो मोल्नार यांनी सूक्ष्म कालमापकांची नवी रचना आणली, तेव्हापासून कर्नेलमधील वेळ एका ६४ बिटांच्या आकड्यात नॅनोसेकंदांत ठेवला जाऊ लागला. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने 'केटाइम-गेट' या फंक्शनला हाक मारायची आणि आलेल्या दोन आकड्यांची वजाबाकी करायची, ही आजची सर्वसाधारण रीत आहे.

या दोन गणितांची सांगड चुकली तर काय होते, ते ३० जून २०१२ च्या मध्यरात्री जागतिक प्रमाणवेळेत दिसले. भारतात तेव्हा १ जुलैची पहाट होती. पृथ्वीच्या परिवलनाशी मेळ राखण्यासाठी त्या क्षणी घड्याळात एक 'लीप सेकंद' वाढविण्यात आला. लिनक्स कर्नेलच्या मुख्य घड्याळाने तो सेकंद धरला. सूक्ष्म कालमापकांच्या विभागाला मात्र त्याची वर्दी मिळाली नाही. तो विभाग एक सेकंद पुढेच राहिला. परिणामी काही मिलिसेकंद झोप मागणाऱ्या प्रोग्रॅमांना 'वेळ संपली' असे उत्तर तत्काळ मिळू लागले. ते पुन्हा झोप मागत आणि पुन्हा उठविले जात. प्रोसेसर शंभर टक्के व्यग्र, काम मात्र शून्य. रेडिट, मोझिला आदींच्या सेवांना त्याचा फटका बसला. ऑस्ट्रेलियातील क्वांटास या विमान कंपनीच्या आरक्षण यंत्रणेत अडथळा आल्याने उड्डाणांना विलंब झाला. तात्पुरता इलाज इतका साधा होता की हसू यावे : संगणकाला आहे तीच तारीख-वेळ पुन्हा एकदा भरायची. तेवढ्याने दोन्ही विभाग एका ओळीत येत. लीप सेकंदाची ही प्रथा २०३५ पर्यंत थांबविण्याचा निर्णय आंतरराष्ट्रीय मापन परिषदेने २०२२ मध्ये घेतला.

रिकाम्या तराजूचे वजन

समजा, कर्नेलमधील एखाद्या छोट्या कोडला नेमका किती वेळ लागतो ते पाहायचे आहे. यासाठीची शिस्तशीर पद्धत इंटेलने सप्टेंबर २०१० मध्ये एका तांत्रिक लेखात मांडली. मोजणीपुरते इंटरप्ट बंद ठेवायचे, शेड्युलरने मधेच दुसरे काम पुढे करू नये याची तजवीज करायची, घड्याळ वाचण्यापूर्वी आधीच्या सर्व सूचना पुऱ्या करायला लावणारी सूचना द्यायची आणि काम संपल्यावर त्याच काळजीने दुसरे वाचन करायचे. याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, मधे काहीच काम न ठेवता हीच मोजणी हजारो वेळा करून पाहायची. जे उत्तर येईल तो मोजणीचाच खर्च. भाजीवाला रिकामे पारडे आधी तोलून घेतो, त्यातलाच हा प्रकार. तो खर्च अंतिम आकड्यातून वजा करावा लागतो.

पहिल्या काही वाचनांवर विसंबू नये, असेही जाणकार सांगतात. कोड प्रथमच चालते तेव्हा ते व त्याची माहिती प्रोसेसरजवळच्या 'कॅश' या वेगवान स्मृतीत नसते. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तेच काम कितीतरी पट लवकर होते. यांतला खरा वेळ कोणता? दोन्ही खरेच. दिवसातून एकदा चालणाऱ्या कोडला पहिला आकडा लागू, सेकंदाला लाखदा चालणाऱ्याला दुसरा. इंटरप्ट बंद करून मिळालेला स्वच्छ आकडा हा प्रयोगशाळेतला असतो, प्रत्यक्ष राबत्या संगणकावरचा नसतो, हेही विसरता येत नाही. भाड्याच्या आभासी संगणकावर तर सूचनांचा क्रम बांधण्यासाठी वापरली जाणारी 'सीपीयूआयडी' ही सूचनाच मूळ यंत्रावरील नियंत्रक प्रणालीकडे जाऊन येते. त्यात हजारावर चक्रे खर्ची पडतात आणि मोजणी कामापेक्षा मोठी होऊन बसते.

नोंद ठेवणारा आणि नेटवर्क कार्ड

एक-दोन ठिकाणी हाताने घड्याळ लावणे शक्य आहे. कर्नेलमध्ये मात्र हजारो फंक्शने असतात. चालू संगणकावर, तो न थांबविता, हवे तेथे मोजमाप करता यावे, ही जुनी इच्छा सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रायन कँट्रिल, माइक शापिरो आणि अ‍ॅडम लेव्हेंथल यांनी तयार केलेल्या 'डीट्रेस'ने पुरी केली. ते २००५ मध्ये सोलारिस १० बरोबर ग्राहकांच्या हाती आले. मोजमाप चालू नसेल तेव्हा त्याचा भार शून्य असला पाहिजे, हा त्याचा मुख्य दंडक होता. व्यवसायात रात्रंदिवस राबणाऱ्या संगणकावर अन्यथा असे साधन कोणी ठेवूच दिले नसते.

लिनक्समध्ये स्टीव्हन रोस्टेड यांचे एफट्रेस त्याच दिशेने निघाले. कोड तयार करतानाच कंपायलरकडून प्रत्येक फंक्शनच्या आरंभी नोंद करणाऱ्या फंक्शनला एक हाक पेरून घ्यायची. ही हाक पाच बाइटांची असते. मोजमाप नको असेल तेव्हा त्या पाच बाइटांच्या जागी 'काहीही करू नका' अशी सूचना लिहायची. हवे असेल तेव्हा पुन्हा हाक लिहायची. चालत्या कर्नेलचे कोड कर्नेलनेच बदलायचे, असा हा धाडसी बेत होता.

२.६.२७ मध्ये या हाकांची यादी संगणक चालू असताना बनत असे. एखादे फंक्शन प्रथम चालले की त्याचा पत्ता टिपला जाई आणि सेकंदाला एकदा जागे होणारे एक कर्नेलचे काम त्या पत्त्यांवरील हाका पुसून टाकी. यात एक भोक राहिले. काही कोड फक्त सुरुवातीपुरते लागते आणि काम झाल्यावर त्याची जागा मोकळी केली जाते. टिपलेला पत्ता कायम, पण तेथील बिऱ्हाड हललेले. कधी त्याच पत्त्यावर नेटवर्क कार्डाची स्थायी स्मृती जोडली जाई. एफट्रेस खबरदारी म्हणून आधी तेथे अपेक्षित हाक आहे का हे ताडून पाही आणि असेल तरच बदल करी. तथापि त्यासाठी वापरलेली प्रोसेसरची सूचना अशी आहे की तुलना फसली तरी ती जुने मूल्य परत लिहितेच. साध्या स्मृतीत त्याने काही बिघडत नाही. कार्डाच्या स्मृतीत मात्र तेवढ्या एका लेखनाने घात केला.

२.६.२७ ही आवृत्ती ९ ऑक्टोबर २००८ रोजी प्रसिद्ध झाली आणि काही दिवसांतच निघालेल्या २.६.२७.१ मध्ये एफट्रेसचा हा कोड बदलणारा भाग बंद करण्यात आला. पुढच्या २.६.२८ मध्ये हाकांची यादी कोड तयार होतानाच बनविण्याची पद्धत आली आणि सेकंदाला जागे होणारा तो पहारेकरी निवृत्त झाला. इंटेलनेही ड्रायव्हरमध्ये कार्डाच्या स्मृतीला लेखनबंदीची जोड दिली. जो ड्रायव्हर सुरुवातीला आरोपीच्या पिंजऱ्यात होता, त्यालाच जास्तीचे कुलूप मिळाले.

एफट्रेस पुढे लिनक्सचे सर्वांत विश्वासाचे साधन बनले. २००९ पासून ते फंक्शनचा आरंभच नव्हे, तर शेवटही टिपू लागले. फंक्शन जेथे परतायचे तो पत्ता बदलून त्याला वाटेत आपल्या दारावरून जायला लावायचे, ही त्यातील युक्ती. मिळणाऱ्या तक्त्यात १० मायक्रोसेकंदांवर गेलेल्या कामापुढे अधिकचे चिन्ह, १०० वर गेलेल्यापुढे उद्गारचिन्ह आणि पूर्ण सेकंद घेणाऱ्यापुढे डॉलरचे चिन्ह असते. हा तक्ता वाचताना एक पथ्य पाळावे लागते. आतील प्रत्येक फंक्शनची नोंद करण्याचा खर्च बाहेरच्या फंक्शनच्या खात्यात पडतो. शंभर लहान फंक्शने पोटात बाळगणारे फंक्शन त्यामुळे प्रत्यक्षाहून अधिक आळशी दिसते. जाणकार म्हणूनच आधी सर्व काही पाहतात आणि मग फक्त संशयित फंक्शनची नोंद चालू ठेवून दुसऱ्यांदा मोजतात.

फंक्शनच्या आरंभी नव्हे, तर अधल्यामधल्या कोणत्याही सूचनेवर घड्याळ लावायचे असेल, तर 'केप्रोब्ज' ही २००४ मधील २.६.९ आवृत्तीपासूनची सोय आहे. तिच्या घडणीत आयबीएमच्या बंगळूर येथील अभियंत्यांचा मोठा वाटा होता. हवी ती सूचना बाजूला ठेवून तिच्या जागी एक बाइटाचा सापळा लावला जातो. प्रोसेसर तेथे आला की नोंद होते आणि बाजूला ठेवलेली सूचना पार पाडून तो पुढे जातो.

सरासरीचा फसवा आकडा

एवढे सारे करून हाती येतात ते लाखो आकडे, आणि त्यांची सरासरी काढण्याचा मोह आवरत नाही. समजा, एक हजार कामांपैकी ९९० कामे १० मायक्रोसेकंदांत झाली आणि १० कामांना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले. सरासरी येते ११० मायक्रोसेकंद. प्रत्यक्षात एकाही कामाला तेवढा वेळ लागलेला नाही. लोकल सरासरी दोन मिनिटे उशिरा धावते, हे वाक्य ज्याची गाडी ऐन कार्यालयाच्या वेळी चाळीस मिनिटे अडकली त्याला ऐकविण्यात अर्थ नसतो. कर्नेलच्या बाबतीतही तीच गोष्ट आहे.

म्हणून आजची साधने सरासरीऐवजी वाटणी दाखवितात. १ ते २ मायक्रोसेकंदांत किती कामे झाली, २ ते ४ मध्ये किती, ४ ते ८ मध्ये किती, असे दुपटीने वाढणारे कप्पे करून मोजदाद होते. २०१४-१५ पासून लिनक्समध्ये विस्तारलेल्या ईबीपीएफ या तंत्राने हे कप्पे कर्नेलच्या आतच भरता येतात. फंक्शन सुरू होताना वेळ टिपायची, संपताना वजाबाकी करून योग्य कप्प्यात एकाची भर घालायची आणि शेवटी फक्त कप्पे बाहेर न्यायचे. प्रत्येक नोंद बाहेर वाहून नेण्याचा भार त्यामुळे वाचतो. असा छोटा प्रोग्रॅम कर्नेलमध्ये घेण्यापूर्वी तो अनंत काळ फिरत राहणार नाही आणि परक्या स्मृतीला हात लावणार नाही, याची तपासणी कर्नेल स्वतः करतो. २००८ च्या अनुभवानंतर ही तपासणी अनाठायी वाटत नाही.

वाटणी पाहण्याचे महत्त्व पटवून देणारा एक प्रयोग फार गाजला. सनचे अभियंते ब्रेंडन ग्रेग यांनी २००८ च्या अखेरीस डिस्कांच्या मांडणीसमोर उभे राहून जोरात आरोळी ठोकली आणि त्याचे चित्रीकरण प्रसिद्ध केले. डिस्कवरील कामांच्या वेळांचा रंगीत आलेख त्याच क्षणी वर उसळलेला दिसतो. आवाजाच्या कंपनाने फिरत्या तबकड्यांवरील वाचनात अडथळा येत होता. ही उसळी सरासरीत बुडून गेली असती.

सर्वांत वाईट वेळ

यंत्रमानवाचा हात किंवा कारखान्यातील यंत्र चालविणाऱ्या संगणकाला वाटणीही पुरत नाही. तेथे एकच प्रश्न असतो : जास्तीत जास्त किती उशीर होईल? लिनक्सला अशा कामांसाठी लायक करणारा 'प्रीएम्प्ट-आरटी' हा प्रकल्प सुमारे वीस वर्षे मुख्य कर्नेलच्या बाहेर वाढला आणि नोव्हेंबर २०२४ मधील ६.१२ आवृत्तीत पूर्णत्वाने आत आला. त्याची कसोटी 'सायक्लिकटेस्ट' या प्रोग्रॅमने घेतात. तो ठरावीक क्षणी जागे करण्याची विनंती करतो आणि प्रत्यक्षात किती उशिरा जाग आली ते टिपतो. दर २०० मायक्रोसेकंदांनी एक याप्रमाणे दहा कोटी वेळा ही चाचणी घ्यायला साडेपाच तास लागतात. दहा कोटींतले एकच वाचन वाईट निघाले, तरी निकाल त्याच वाचनावर ठरतो.

उशीर झाला, पण कर्नेलच्या नोंदीत त्याचे कारणच नाही, असेही घडते. संगणकाच्या मदरबोर्डवरील अंगभूत सॉफ्टवेअर कधीकधी कर्नेलला न विचारता प्रोसेसर काही काळ आपल्याकडे घेते; तापमान पाहणे वगैरे कामे त्यात उरकली जातात. कर्नेलच्या दृष्टीने तेवढा काळ अस्तित्वातच नसतो. तो पकडण्याची रीत अशी : इंटरप्ट बंद करून प्रोसेसरला फक्त घड्याळ वाचत बसवायचे. लागोपाठच्या दोन वाचनांत अचानक मोठे अंतर पडले, तर मधला काळ कोणी तरी नेला. २०१६ च्या अखेरीस आलेल्या ४.९ आवृत्तीपासून ही सोय एफट्रेसमध्ये आहे. डॅनियल ब्रिस्टो द ऑलिव्हेरा यांनी २०२१ मध्ये ५.१४ आवृत्तीत 'ओएसनॉइज' हे साधन आणून तो काळ यंत्राने घेतला, इंटरप्टने घेतला की दुसऱ्या कामाने, याची विभागणीही करून दिली. ब्राझीलच्या या अभियंत्याचे जून २०२४ मध्ये अकाली निधन झाले.

लिनक्स वापरणाऱ्या वाचकास आपला संगणक सध्या कोणत्या घड्याळावर चालतो, हे पाहायचे असेल, तर कर्नेलची माहिती देणाऱ्या 'सिस' या फोल्डरात 'क्लॉकसोर्स' नावाचा विभाग आहे. त्यातील 'करंट क्लॉकसोर्स' या फाइलमध्ये चालू घड्याळाचे नाव एका शब्दात लिहिलेले असते आणि शेजारच्या फाइलमध्ये उपलब्ध घड्याळांची यादी. साध्या संगणकावर तेथे टीएससी असायला हवे. एचपीईटी दिसल्यास संगणक सुरू झाल्यापासूनच्या कर्नेलच्या संदेशांत 'अस्थिर' हा शेरा शोधावा. कोणत्या क्षणी आणि किती फरकामुळे घड्याळ बदलले, ते तेथे सापडते.